मावशींच्या हातातली सुई

गेल्या पावसाळ्यात एका नातेवाइकाच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, खासगी रुग्णालयात चार रात्री काढाव्या लागल्या. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, जिभेला अजून सवय व्हायची आहे.) झोप येत नसली की माणूस समोर दिसेल ते पाहत बसतो. माझ्यासमोर पिवळी, लाल आणि निळी अशा तीन बादल्या होत्या, शेजारी सुयांसाठी पांढरा डबा, आणि वर भिंतीवर एक छापील तक्ता. तो इंग्रजीत होता.

पहाटे साडेपाचला सफाईच्या मावशी येत. पिवळी पिशवी उघडत आणि तिच्यातल्या सलाईनच्या नळ्या, हातमोजे, लघवीच्या पिशव्या एकेक काढून लाल पिशवीत टाकत. उघड्या हातांनी. तिसऱ्या पहाटे त्यांच्या बोटात सुई घुसली. त्यांनी बोट नळाखाली धरले, पदराला पुसले आणि काम पुढे चालू केले. ‘सिस्टरांना सांगा,’ असे मी म्हटले, तर म्हणाल्या, ‘सांगून काय, वेंधळी म्हणून मलाच बोलतील.’

कायद्याला हे दृश्य मान्य नाही. रुग्णालयीन कचऱ्यासाठीचे पहिले नियम १९९८ साली आले, आजचे २०१६ चे आहेत. रक्ताने भरलेला कापूस, पट्ट्या, शरीराचे अवयव, मुदत संपलेली औषधे पिवळ्यात. नळ्या, मोजे असे प्लास्टिक लाल पिशवीत. काचेच्या बाटल्या निळ्यात. सुया आणि पाती न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात. ही वर्गवारी कचरा जिथे निर्माण होतो तिथेच, त्याच क्षणी करायची असते. म्हणजे ती डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी करायची. मागाहून पिशवीत हात घालून निवडणे ही वर्गवारी नव्हे, ते टाकणाऱ्याच्या चुकीचे निस्तरणे आहे.

आपल्याकडे मात्र ‘कचरा’ हा शब्द उच्चारला की काम कुणाचे हे आपोआप ठरते. डॉक्टरांना विचाराल तर ते रंग आणि नियम घडाघडा सांगतील. पण घाईत सुई ट्रेमध्ये तशीच सोडतील. मावशींना बादली ठाऊक, कारण ठाऊक नाही. लाल पिशवीतले प्लास्टिक निर्जंतुक करून पुन्हा वापरात जाते आणि पिवळीतला बराचसा माल भट्टीत जळतो, प्लास्टिक जळाले तर विषारी वायू निघतात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. २०२० च्या कोविडकाळात तर भीतीपोटी जेवणाच्या पत्रावळ्याही पिवळ्या पिशवीत जाऊ लागल्या. अखेर साधा कचरा वेगळा ठेवा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला सुधारित सूचनांतून सांगावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने रुग्णालयातला सुमारे ८५ टक्के कचरा घरच्यासारखाच साधा असतो. पण त्यात एक सुई पडली की सगळाच धोक्याचा.

मावशी शिकलेल्या नाहीत, त्यांना काय कळणार, ही सबब या जिल्ह्यात तरी कोणी देऊ नये. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले, तेव्हा त्यांनी खेड्यातल्या निरक्षर बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या बायका बाळंतपणे सांभाळायला शिकल्या, कारण त्यांना नुसते ‘हे करा’ न सांगता ‘का’ तेही सांगितले गेले.

हलगर्जीपणा किती महाग पडतो ते गुजरातेत मोडासा परिसरात २००९ साली दिसले. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्या आणि ‘ब’ प्रकारच्या काविळीने अनेकांचे प्राण गेले. बाधित रुग्णाची सुई लस न घेतलेल्याला टोचली तर ही कावीळ होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असते. एड्सच्या विषाणूची सुमारे ०.३ टक्के. या दुसऱ्यावर प्रतिबंधक गोळ्या आहेत, पण त्या शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. बोलणी बसतील म्हणून गप्प राहणारी बाई हे तासच गमावून बसते. नियमात प्रत्येक अपघाताची नोंद ठेवायला सांगितली आहे खरी. पण सांगणाऱ्यालाच दोषी धरले जाणार असेल, तर ते रजिस्टर कोरेच राहणार, आणि कोरे रजिस्टर तपासणीला शोभून दिसते!

अखेर मीच डॉक्टरांच्या कानावर घातले. माणूस सज्जन. त्यांनी त्याच दिवशी मावशींचे रक्त तपासायला पाठवले. पण सुई कोणत्या रुग्णाची, हे कोणालाच सांगता येईना. पिशवी साऱ्या वॉर्डाची होती.

कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ‘ब’ काविळीची आणि धनुर्वाताची लस देणे ही नियमाप्रमाणे रुग्णालयाची जबाबदारी आहे. काविळीच्या लशीचे तीन डोस, शेवटचा सहाव्या महिन्यात. निघताना मावशींना विचारले, लस घेतली होती का? म्हणाल्या, ‘एक टोचलं होतं. मग ठेकेदार बदलला, नव्यानं काही बोलावलंच नाही.’