तटाच्या आतले आणि तटाबाहेरचे

कापसाची वेचणी उरकल्यावर फुलसावंगीच्या परिसरातील काही कुटुंबांना घेऊन मी वसईचा किल्ला पाहावयास गेलो होतो. संत योसेफाच्या पडक्या मंदिराच्या मनोऱ्यावरून खाडीकडे पाहत एक तरुण उद्गारला, "फादर, केवढे हे आपले वैभव होते! मराठ्यांनी सारे घालवले." त्या वेळी मी गप्प राहिलो. ते मौन योग्य नव्हते, म्हणून हे लिहीत आहे.

'आपले वैभव' या दोन शब्दांतच सारी गफलत आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि त्यांनी येथे आपल्या देशातील एखाद्या बंदरासारखे नगर उभारले. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन या संघांचे मठ व मंदिरे या तटात होती. परंतु तटाच्या आत वस्ती मुख्यतः पोर्तुगीज सरदारांची, अधिकाऱ्यांची आणि मठवासीयांची होती. शेत कसणारा, मासे धरणारा एतद्देशीय ख्रिस्ती प्रामुख्याने तटाबाहेर राहत असे. मग ते वैभव कोणाचे? त्याच राजवटीत देवळे पाडली गेली, इन्क्विझिशनचा धाक बसला, हेही आपण प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. शेजाऱ्याच्या दुःखावर उभारलेल्या भिंतीचा अभिमान ख्रिस्ताच्या शिष्याला शोभत नाही.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज निघून गेले. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरास व मेणवलीस टांगलेल्या घंटांचा संबंध याच विजयाशी जोडला जातो. त्या घंटांसाठी हळहळणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, घंटा गेल्या म्हणून प्रार्थना थांबली काय? तटाच्या आत छपरे कोसळली. तटाबाहेर सांडोर, पापडी, रमेदी येथे आजही मिस्सा होते, आणि ती मराठीत होते. ज्यांना जहाजात बसून परतण्यासाठी दुसरा देश नव्हता, त्यांनीच श्रद्धा राखली. आपला वारसा तो आहे!

आपल्याला 'परक्यांचे उरलेले' म्हणून हिणवणारे लोक आहेत. त्यांना उत्तर देण्याऐवजी आपणच पडक्या भिंतींपाशी उभे राहून परकी सत्ता गेल्याबद्दल उसासे टाकू लागलो, तर आपण आपल्याविरुद्धच साक्ष देतो. आम्हा वऱ्हाडातील कॅथलिकांना तर या उसाशाचा काहीच आधार नाही. आमचा अमरावती धर्मप्रांत १९५५ साली, स्वतंत्र भारतात, स्थापन झाला. आमच्या श्रद्धेच्या मागे तोफ नाही आणि तटही नाही. यात उणेपणा कसला?

कोणी म्हणेल, "फादर, मग किल्ला पाहूच नये का? पर्यटनाने चार घरांच्या चुली पेटतात, वास्तूही टिकते." चुली जरूर पेटाव्यात. पण दोन तासांत किल्ला 'उरकणारा', वेदीच्या जागी उभे राहून छायाचित्रे काढणारा, भिंतीवर नाव कोरणारा प्रवासी वास्तू टिकवतो, हे मला पटत नाही. हा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. मात्र पाहणाऱ्याच्या मनात आदर नसेल तर खात्याची पाटी काय करणार? आणि आमच्यापैकी कित्येकांनीही तेथे डबे सोडून कागद तसेच टाकले, हे मी पाहिले आहे.

म्हणून सांगतो, वसईला अवश्य जा. तेथे जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण करा. १५९७ साली नागासाकी येथे ते क्रूसावर मेले आणि १८६२ साली संतपदी पोहोचले. त्यांच्या हाती तलवार नव्हती. मग किल्ल्याबाहेर या, एखाद्या धर्मग्रामातील मिस्सेला बसा, वाडीतल्या माणसांशी बोला. याच वसईच्या मातीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो घडले. त्यांनी बायबल सुबोध मराठीत आणले आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. हे वैभव कोणत्याही तहात द्यावे लागत नाही.

त्या तरुणाला माझे उत्तर इतकेच: बाळा, मराठ्यांनी किल्ला घेतला. आपले काही घालवायचे झाले, तर ते आपणच घालवू.