वेगाचे आश्वासन आणि सोडून जाण्याचा हक्क

काही महिन्यांपूर्वी आमच्या कार्यालयात एक तरुण आला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, आई अंगणवाडी सेविका, पाठची दोन भावंडे कॉलेजात. घरातल्या चौघांनाही इंटरनेट लागते. आईला कामाची माहिती अॅपवर भरावी लागते, मुलांच्या तासिका संध्याकाळी ऑनलाइन असतात. म्हणून त्याने सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरून '१०० एमबीपीएसपर्यंत' वेगाचे कनेक्शन घेतले. दुपारी नेट धावायचे आणि रात्री आठ वाजले की तासिका जागच्या जागी थिजायची. दोन महिने तक्रारी करून झाल्या. शेवटी त्याने कनेक्शन बंद करायला सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले की आगाऊ भरलेले पैसे परत मिळत नाहीत आणि राऊटरच्या डिपॉझिटचे नंतर बघू. त्याने आम्हाला विचारले, "वकीलसाहेब, वेग मिळत नाही ते एक वेळ सोसू, पण सोडूनसुद्धा का जाता येऊ नये?"

आमच्या मते ब्रॉडबँडच्या साऱ्या प्रश्नाचे मर्म या एका सवालात आहे.

आधी वेगाचे पाहू. जाहिरातीत १०० चा आकडा ठळक असतो आणि 'पर्यंत' हा शब्द बारीक. हा बारीक शब्दच कंपनीची ढाल आहे. शंभरपर्यंत म्हणजे आठही आणि ऐंशीही! त्यात आणखी एक गफलत होते. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे १०० एमबीपीएस पूर्ण मिळाले तरी सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. ही फसवणूक नव्हे, हे गणित आहे. पण ते ग्राहकाला कोणी समजावून सांगत नाही, म्हणून खरी तक्रार कोणती आणि गैरसमज कोणता हे त्याला कळत नाही.

सरकारची व्याख्या येथे कामाला येत नाही. २००४ च्या धोरणात किमान २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते. २०१३ मध्ये तो ५१२ केबीपीएस झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. शंभराचे पैसे घेऊन आठ देणारी कंपनी या व्याख्येत अगदी आरामात बसते. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २००६ मध्ये सेवेच्या दर्जाचे नियम केले. घेतलेल्या प्लॅनच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा असा मापदंड त्यात होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. दर्जा घसरला तर कंपनीला आर्थिक दंडाची तरतूद आहे, पण तो दंड ग्राहकाच्या खिशात येत नाही आणि त्यामुळे ग्राहक करारातून मोकळाही होत नाही. कंपनीचा हिशोब नियामकाशी पुरा होतो, ग्राहक मात्र होता तेथेच अडकलेला राहतो.

असे असलेच पाहिजे काय? ब्रिटनकडे पाहा. तेथील नियामक ऑफकॉमच्या वेगविषयक संहितेनुसार १ मार्च २०१९ पासून कंपनीला करार करण्यापूर्वीच किमान हमीचा वेग सांगावा लागतो. वेग त्याखाली गेला तर दुरुस्तीला ३० दिवस मिळतात. तेवढ्यात सुधारणा झाली नाही तर ग्राहक दंड न भरता करार सोडून जाऊ शकतो. संहिता ऐच्छिक आहे, पण तिथल्या मोठ्या कंपन्यांनी ती स्वीकारली आहे. शिवाय १२ सप्टेंबर २०२४ पासून कंपनी बदलणाऱ्याने फक्त नव्या कंपनीला कळवायचे असते, जुनीशी झगडत बसावे लागत नाही. तेथील कंपन्या धर्मादाय आहेत असे नव्हे. ग्राहक उठून जाऊ शकतो हे त्यांना ठाऊक आहे, एवढाच फरक!

आपल्याकडेही हा अनुभव आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाईल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. घरच्या ब्रॉडबँडला मात्र तसा सोपा मार्ग नाही. येथे आगाऊ पैसे, राऊटरचे डिपॉझिट आणि बसवणुकीचा खर्च यांची बेडी असते. अनेक इमारतींत आणि वस्त्यांत तर एकाच केबलवाल्याची मक्तेदारी असते आणि दुसऱ्याची वायर गल्लीत येऊच दिली जात नाही. जेथे पर्यायच नाही तेथे 'ग्राहक राजा' ही शुद्ध थट्टा आहे.

कंपन्या म्हणतात, आम्ही वायर टाकतो, राऊटर देतो, तो खर्च कसा भरून काढायचा? प्रश्न रास्त आहे. वस्तूचा वाजवी खर्च जरूर घ्या. पण न दिलेल्या सेवेचे चार महिन्यांचे पैसे ठेवून घेणे ही खर्चाची भरपाई होत नाही.

आता कायद्याचे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोनच्या एका प्रकरणात १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ७-ब कडे बोट दाखवले आणि असे वाद ग्राहक मंचाने नव्हे तर लवादाने सोडवावेत असे म्हटले. त्या निर्णयाच्या आधाराने पुढे अनेक तक्रारी दारातूनच परत गेल्या. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने हे दार पुन्हा उघडले. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, हे त्या निकालाने स्पष्ट झाले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ग्राहक संरक्षण कायद्याचा मार्ग शाबूत ठेवला आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम २(४७) आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे. सदोष सेवा बंद करून पैसे परत करण्यास पावतीवरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. कलम २(४६) अन्याय्य कराराविषयी आहे. झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारी अट त्यात येते. मात्र करारच अन्याय्य आहे असे म्हणायचे असेल तर जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे जावे लागते. गरीब ग्राहकाला दोनशे कोस दूर पाठवणारी ही तरतूद बदलली पाहिजे. तोवर सेवेतील त्रुटी आणि अनुचित प्रथा या मुद्द्यांवर जिल्हा आयोगात तक्रार करावी. आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

पण आयोगापुढे संताप चालत नाही, पुरावा चालतो. वेग मोजताना राऊटरला संगणक केबलने जोडावा, नाहीतर कंपनी भिंतीचा आणि वाय-फायचा दोष काढते. सकाळी, दुपारी आणि रात्री, असे आठ दिवस मोजावे. तारखेसह स्क्रीनशॉट ठेवावा. तक्रार फोनवर केली तरी तिचा क्रमांक घ्यावा. निकाल लागला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनामूल्य अपील करता येते. कनेक्शन बंद करण्याची मागणी लेखी करावी, राऊटर परत देताना पावती घ्यावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी.

कोणी म्हणेल, चळवळीपुढे मोठे प्रश्न असताना हे इंटरनेटचे काय काढले? आमचा त्यांना सवाल आहे की शिष्यवृत्तीचा अर्ज आज कोठे भरतात? प्रवेश, परीक्षा, नोकरी, रेशन यांतले काय नेटवाचून राहिले आहे? अर्जाच्या शेवटच्या रात्री ज्याचे नेट थिजते त्याचे वर्ष जाते. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचाच भाग मानला. ज्याच्या घरी दुसरा पर्याय नाही, त्याला हा हक्क कोण मिळवून देणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. गर्दीच्या वेळेचा किमान वेग करारात आकड्याने लिहा. तो ३० दिवसांत दिला नाही तर ग्राहकाला दंडाशिवाय जाऊ द्या आणि उरलेल्या दिवसांचे पैसे परत करा. कंपनी बदलायला एकच अर्ज पुरेसा करा. ट्रायने हे नियमात आणावे आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी त्यासाठी आवाज उठवावा. वस्तीवस्तीतील अभ्यासिकांनी तक्रारी एकत्र करून पाठवाव्यात, कारण एकट्याची तक्रार कंपनी टाळते, पन्नास जणांची टाळता येत नाही.

त्या तरुणाचे काय झाले? आमची नोटीस गेली आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे आठवड्यात परत आले. डिपॉझिट अजून बाकी आहे. तो खूश होता, आम्ही नव्हतो. त्याने दोन महिने जे हात जोडून मागितले ते वकिलाचा कागद पाहताच मिळाले. ज्याच्या ओळखीत वकील नाही त्याने कोणाकडे जायचे?