बहिष्काराला ‘भ्रम’ म्हणणारे शिक्षण

ॲट्रॉसिटीच्या एका खटल्यातील माझी पक्षकार, पन्नाशीतली एक मावशी, गेली तीन वर्षे नीट झोपलेली नाही. मोटारसायकलचा आवाज आला की घरात पळते, तासन्‌तास भिंतीकडे पाहत बसते. घरच्यांनी आधी देवऋषी केला (बौद्धांच्या घरात हे अजून घडते, लपवून काय उपयोग?), मग शासकीय रुग्णालय गाठले. तिथे शिकाऊ मानसशास्त्रज्ञ मुलीला मावशीने सांगितले की, गाव माझ्याशी बोलत नाही, दुकानदार सामान देत नाही. केसपेपरवर इंग्रजीत नोंद झाली: लोक आपला छळ करतात असा भ्रम.

गावाने त्या कुटुंबावर बहिष्कार टाकला होता, ते माझ्या खटल्यात नमूद आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर असा बहिष्कार ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे. कोर्टात जो गुन्हा, तो दवाखान्यात भ्रम कसा होतो?

मावशी आजारी नव्हतीच, असे मी म्हणत नाही. खरा छळ आणि त्यातून जडलेला आजार एकाच माणसात असतात आणि ते वेगळे करणे हेच कौशल्य आहे. दीर्घकाळच्या छळातून होणाऱ्या गुंतागुंतीच्या आघात-विकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे. अशा रुग्णाची आठवण तुकड्यातुकड्यांत येते. उलटतपासात मावशीचे तसेच झाले आणि समोरच्या वकिलाने त्याला ‘विसंगती’ म्हटले. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, व्यक्तिमत्त्व विकार यांतही नुसत्या गोळीने भागत नाही. महिनोन्‌महिने रुग्णासोबत बसणारा प्रशिक्षित माणूस लागतो.

म्हणून त्या मुलीवर माझा राग नाही. तिला शिकवलेच तसे. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्याचा मुख्य रस्ता म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल.: ज्येष्ठांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर काम. २०२२ मध्ये यूजीसीने एम.फिल.च बंद केली, मग या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. म्हणजे अभ्यासक्रमाची नव्याने मांडणी करण्याची वेळ आताच आहे. पण त्या मांडणीच्या टेबलावर आपले कोण बसले आहे? रुग्णाचा इतिहास घेताना बालपण विचारतात, लग्न विचारतात, व्यसन विचारतात. वस्ती, पाणवठा, बहिष्कार विचारायला कोण शिकवणार?

निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार आढळले आणि बहुतेक विकारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचाराविना होते. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हताच! मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने परवडणारे उपचार जातीच्या भेदभावाविना मिळण्याचा हक्क दिला. कलम ३१ सांगते की, लोकसंख्येच्या प्रमाणात तज्ज्ञ उभे करण्यासाठी शासनाने दहा वर्षांत प्रयत्न करावेत. कायदा २०१८ ला लागू झाला, मुदत २०२८ ला संपते. ‘प्रयत्न’ या शब्दामागे शासन लपेल, हे वकील म्हणून मला ठाऊक आहे. तरी विचारावे लागेल: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत किती जागा वाढवल्या? राखीव जागा भरल्या का? विद्यावेतन देता का? मजुराची मुलगी दोन वर्षे पूर्णवेळ फुकट राबू शकत नाही. एम.ए. मानसशास्त्र करून आपली मुले-मुली घरी बसली आहेत, त्यांना वस्तीची भाषा शिकवावी लागणार नाही.

त्या मुलीच्या वरिष्ठांना मी भेटलो. ते म्हणाले, “वकीलसाहेब, आम्ही जात विचारत नाही.” हे त्यांनी अभिमानाने सांगितले. त्याच कायद्याच्या कलम २५ खाली मावशीच्या पूर्ण नोंदींची नक्कल मिळावी, असा अर्ज मी तिच्या सहीने दिला आहे.