गणपतीच्या हॉलमध्ये नॅलोक्सोन



अमली पदार्थांचा विषय निघाला की आपल्या गप्पांत दोन वाक्यं ठरलेली: ‘सरकारनेच लाडावून ठेवलंय’ आणि ‘आपल्यात असलं काही नसतं’. पहिल्यावर वाद घालता येईल. दुसरं साफ चूक आहे.

कॅनडातल्या आपल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंमुळे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर झाली एप्रिल २०१६ मध्ये. अडीच ग्रॅमपर्यंत माल जवळ बाळगणाऱ्या प्रौढांना अटक न करण्याचा प्रयोग सुरू झाला ३१ जानेवारी २०२३ ला. सगळं खापर या प्रयोगावर फोडायचं तर आधीची जवळजवळ सात वर्षं विसरावी लागतात. खरा घात केला तो बाजारात शिरलेल्या फेंटानिल या अतितीव्र ओपिऑइडने (अफूसारख्या गुंगीच्या द्रव्याने). २०२३ मध्ये प्रांतात अडीच हजारांहून अधिक माणसं गेली, दिवसाला सरासरी सात. लोक चिडले, निवडणूक तोंडावर आली, आणि मे २०२४ मध्ये हा प्रयोग सुरू करणाऱ्या प्रांताच्या एनडीपी पक्षाच्या सरकारनेच सार्वजनिक ठिकाणची सूट केंद्राकडून रद्द करून घेतली. अटक थांबवली, पण उपचारांची सोय त्या वेगाने वाढवली नाही. आमच्या मते प्रयोग तिथेच फसला.

व्हँकुव्हरच्या ईस्ट हेस्टिंग्ज रस्त्यावरून जाताना गाडीच्या काचा वर करणाऱ्या आपल्याला वाटतं, संकट त्या चार गल्ल्यांपुरतं आहे. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास मृत्यू खासगी घरांत होतात. गेलेल्यांत बहुतांश पुरुष, त्यांतले बरेच बांधकामासारख्या अंगमेहनतीच्या कामातले. पाठ दुखते म्हणून मित्राने दिलेली गोळी दुकानातली की कुणाच्या गॅरेजातली, हे नुसतं बघून कळत नाही. बेसमेंटमधला विद्यार्थी घोरतोय असं वाटतं. ती घरघर असते, ओठ निळे पडलेले असतात आणि हलवलं तरी तो उठत नाही.

अशा वेळी आधी ९११ लावा. २०१७ च्या ‘गुड समॅरिटन’ कायद्यामुळे मदत मागणाऱ्यावर केवळ माल जवळ बाळगल्याचा गुन्हा लागत नाही. मग श्वास द्या, आणि ओपिऑइडचा परिणाम उतरवणारं औषध, नॅलोक्सोन, द्या. रुग्णाने ओपिऑइड घेतलेलं नसलं तरी नॅलोक्सोनने अपाय होत नाही. त्याची पेटी अनेक फार्मसींत फुकट मिळते, आणि कशी वापरायची तेही तिथेच दाखवतात.

म्हणूनच यंदा आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या हॉलमध्ये प्रथमोपचाराच्या सामानात ही पेटी असेल. काही सभासदांना हे अभद्र वाटलं. कार्यकारिणीने तरीही ठरवलं. आपणही घरी एक आणून ठेवा. आणि घरात कुणी यात अडकलं असेल, तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प बसू नका. कार्यकारिणीतल्या कुणालाही फोन करा, नाव बाहेर जाणार नाही.

– संपादक