विहीर कोरडी पडली, त्याचे इंग्रजी

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत लिहा, अशी संपादकांची आज्ञा आहे. वर्षभर या पानावर तुमच्याशी गप्पा मारतो तेव्हा कोणी काही विचारत नाही. दिवाळी आली की मात्र लेख चकलीसारखा हवा. मी आज्ञाधारकपणे लिहायला बसलो आणि नेमकी आठवली ती एक कोरडी विहीर.

वाचकहो, माझा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला. तोही अंबड तालुक्यात, जिथे मुलाला मोसंबीचा आंबे बहार आणि मृग बहार बिनचूक सांगता येतो, पण ‘ही गो’ की ‘ही गोज’ यावर त्याला घाम फुटतो. माझ्याजवळ एक हुकमी नियम होता. माझ्या मास्तरांनी तो मला छडीनिशी दिला होता आणि मी तो छडीशिवाय पुढे चालवला. नियम असा : क्रियापदाच्या मागून येणाऱ्या शब्दाला ‘ली’ लावावा. ‘स्लो’ नव्हे, ‘स्लोली’. ‘सॅड’ नव्हे, ‘सॅडली’. या एका ‘ली’वर माझी निम्मी नोकरी निघाली.

2012 साली आमच्याकडे पावसाने दगा दिला. 2013 चा उन्हाळा जालना जिल्ह्यातला माणूस विसरणार नाही. मोसंबीच्या बागा जगवायला लोकांनी टँकरने पाणी विकत घेतले, पैसा संपला तेव्हा टँकर थांबले, आणि मग बागाच्या बागा उभ्या वाळल्या. मोसंबीचे झाड लावल्यापासून फळावर यायला चार-पाच वर्षे लागतात. ते वाळले म्हणजे एक हंगाम बुडाला असे होत नाही. शेतकऱ्याच्या आयुष्याचा एक तुकडाच जातो. कितीतरी जणांनी आपल्या हाताने झाडे तोडून सरपण केले.

त्या उन्हाळ्यात नववीच्या मुलांना मी इंग्रजीत निबंध घातला : ‘माझे शेत’. एका पोराने तीनच वाक्ये लिहिली. ‘द वेल रॅन ड्राय. द ट्रीज स्टुड डेड. माय फादर फेल सायलेंट.’

मी लाल पेन काढले. विहीर धावते कशी? तिथे एक प्रश्नचिन्ह. ‘ड्राय’चे ‘ड्रायली’ केले. ‘सायलेंट’ला तर मोठ्या उत्साहाने ‘ली’ चिकटवला आणि दोन गुण कापून वही परत दिली.

पोरगा वही घेऊन टेबलापाशी आला. “सर, हे सायलेंटली म्हणजे काय होतं?”

“म्हणजे आवाज न करता पडले.”

तो जरा वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पण आमचे बाबा कुठं पडले, सर? बाबा गप झालेत.”

काय बोलावे ते मला सुचेना. घरी येऊन जाडा शब्दकोश काढला. ‘फॉल’ या शब्दाखाली ‘फॉल सायलेंट’ होते. ‘रन’खाली ‘रन ड्राय’ही होते. पोराने ही वाक्ये शाळेच्या कोशातून एकेक शब्द हुडकून काढली होती, हे पुढे कळले. म्हणजे त्याने कोश पाहिला होता आणि मी पाहिला नव्हता.

त्या रात्री मी जो अभ्यास केला तो बी.एड.ला करायला हवा होता. आपल्या मराठी व्याकरणात ‘विधिविशेषण’ नावाचे एक प्रकरण असते. ‘कोरडी विहीर’ म्हटले की ‘कोरडी’ हे साधे विशेषण. ‘विहीर कोरडी पडली’ म्हटले की तेच विशेषण क्रियापदाच्या सोबतीने येते, पण सांगते विहिरीबद्दलच. म्हणून तर ‘विहीर कोरडी पडली’, ‘तलाव कोरडा पडला’ आणि ‘तळे कोरडे पडले’. आणि हे आपले ‘पडणे’ तरी काय आहे! माणूस आजारी पडतो, गाव ओस पडते, रंग फिका पडतो, पाणी कमी पडते. यात कोणी कुठूनही खाली पडत नाही. इंग्रजाचे ‘फॉल’ नेमके असेच वागते. आजारी पडला, ‘फेल इल’. कमी पडले, ‘फेल शॉर्ट’. फरक एवढाच, की आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी बसते म्हणून विशेषण त्याच्या अलीकडे येते. इंग्रजाचे क्रियापद आधीच उरकून जाते म्हणून विशेषण त्याच्या पलीकडे. आमच्या पोरांना ही रचना आईच्या दुधाबरोबर मिळालेली असते. ती विसरायला लावण्याचे काम मी करत होतो.

मग ‘ली’ लावायचा तरी कुठे? इथे आपली मराठी थोडी फसवते. ‘मोसंबी गोड लागते’ आणि ‘मुलगी गोड गाते’, दोन्हीकडे आपला ‘गोड’ एकच. इंग्रजीत मोसंबी ‘टेस्ट्स स्वीट’, मुलगी मात्र ‘सिंग्ज स्वीटली’. यावर एक सोपी परीक्षा आहे. क्रियापद काढून तिथे ‘आहे’ ठेवून बघावे. ‘मोसंबी गोड आहे’ म्हटले तर गोष्ट तीच राहते. म्हणून ‘ली’ नको. ‘मुलगी गोड आहे’ म्हटले की गाणे राहते बाजूला आणि भलताच विषय निघतो. म्हणून ‘ली’ हवा. (ही परीक्षा ‘ती गोड बोलते’ या वाक्यावर मी घरी करून पाहिली. “अहो, स्वतःच्या बोलण्यावर करा आधी,” असे उत्तर मिळाले.)

दुसरी खूण मला याहून आवडते, कारण तिच्यात मराठी श्रीमंत ठरते. इंग्रजाजवळ ‘लुक’ एकच; आपल्याजवळ दिसणे वेगळे आणि पाहणे वेगळे. बाई उदास दिसली, ‘लुक्ड सॅड’. बाईने विहिरीत उदासपणे पाहिले, ‘लुक्ड सॅडली’. ‘टेस्ट’चेही तेच. फळ गोड ‘लागते’ तेव्हा विशेषण. आपण फळाची चव सावकाश ‘घेतो’ तेव्हा ‘ली’. ‘फील’चे वाटणे आणि चाचपणे असे दोन अर्थ होतात. म्हणून ‘मला वाईट वाटते’ याचे इंग्रजी ‘आय फील बॅड’. पुष्कळ शिकलेली माणसे विनयाने ‘आय फील बॅडली’ म्हणतात. व्याकरण काटेकोर धरले तर त्याचा अर्थ, मला नीट चाचपता येत नाही!

आणखी एक गंमत. इंग्रजीत बिघडणारी गोष्ट बहुधा ‘गो’ होते : ‘गो मॅड’, ‘गो ब्लाइंड’, ‘गो बॅड’. जमून येणारी ‘कम’ होते : ‘कम ट्रू’, ‘कम राइट’. आपण तरी वेगळे काय म्हणतो? झाड फळाला येते आणि कष्ट वाया जातात.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी पोराचे दोन गुण परत दिले आणि फळ्यावर ‘माय फादर फेल सायलेंट’ असे लिहून वर्गाला ते समजावून सांगितले. तो खाली मान घालून बसला होता. वाक्य बरोबर ठरल्याचा आनंद व्हावा असे ते वाक्यच नव्हते.

जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांच्या शेतात तेव्हा नवी रोपे गुडघ्याएवढी होती. मागच्या वर्षी जालन्याच्या मोसंबी बाजारात कोणीतरी मागून “सर!” म्हणून हाक मारली. तोच. दाढी राखलेली, हातात मोबाइल, शेजारी मोसंबीचा ढीग. त्याने एक फळ चिरून माझ्या हातावर ठेवले.

“कसं लागतंय, सर?”

“टेस्ट्स स्वीट,” मी म्हणालो.

“स्वीटली नाही ना?” असे म्हणून तो मोठ्याने हसला. मीही हसलो, पण माझ्या मनात दुसरेच होते. विचारू की नको असे करत शेवटी विचारले, “बाबा कसे आहेत?”

“बोलतात आता,” तो म्हणाला. “लई बोलतात. सकाळपासून तीनदा फोन आला, भाव काय निघाला म्हणून.”