कोच हा आधीं शिक्षक

बास्केटबॉलचा खेळ जन्मास आला तो अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं, 1891 च्या डिसेंबरांत. वाय्. एम्. सी. ए. च्या प्रशिक्षणशाळेंत जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें सज्जास पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकून तो सुरू केला. पुढें हेच गृहस्थ कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे पहिले कोच झाले. आणि मौज अशी कीं, जिंकलेल्यांपेक्षां हरलेले सामने अधिक असलेले कोच त्या विद्यापीठाच्या इतिहासांत ते एकटेच! खेळाची कल्पना सुचणें निराळें व संघ तयार करणें निराळें.

हा पेशा पत्करण्याची इच्छा एखाद्या मुलानें बोलून दाखविली, तर पुष्कळ पालकांचा चेहरा उतरतो. ज्याला दुसरें कांहीं जमत नाहीं त्याचें हें काम, अशी समजूत. मुलाच्या डोळ्यांपुढें मात्र ढाल, टाळ्या आणि वृत्तपत्रांतील छायाचित्र. आमच्या मतें दोघेहि चुकतात. आणि तें कसें, हें जॉन वूडन ह्यांच्या चरित्रावरून चांगलें दिसून येईल.

वूडन ह्यांचा जन्म 1910 सालीं इंडियाना संस्थानांत झाला. पर्ड्यू विद्यापीठांत ते नामांकित खेळाडू होते, पण 1932 सालीं पदवी घेतली ती इंग्रजी विषयाची. नंतर केंटकी संस्थानांतील डेटन येथील हायस्कुलांत ते इंग्रजीचे शिक्षक व कोच झाले. पहिल्याच हंगामांत त्यांचा संघ जिंकला थोडे सामने आणि हरला अधिक. तेथून साउथ बेंडचें हायस्कूल. तेथेंहि कित्येक वर्षें तेंच दुहेरी काम, दिवसा वर्ग आणि सायंकाळीं व्यायामशाळा. मग महायुद्धांत आरमाराची नोकरी, 1946 पासून इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेज आणि 1948 सालीं लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ.

टीचर्स कॉलेजांतील एक हकीकत सांगण्याजोगी आहे. 1947 सालीं त्यांच्या संघास एका राष्ट्रीय स्पर्धेचें निमंत्रण आलें. पण कृष्णवर्णीय खेळाडूंस तेथें मज्जाव होता. संघांत क्लॅरेन्स वॉकर नांवाचा तसा एक मुलगा होता. प्रमुख पांचांतला नव्हे, राखीव. वूडन ह्यांनीं निमंत्रण परत केलें. पुढच्या वर्षीं बंदी उठली व वॉकर खेळला. नव्यानेंच आलेल्या कोचास असा नकार देणें सोपें नसावें.

कॅलिफोर्नियांतहि यश धांवत आलें नाहीं. पहिलें राष्ट्रीय विजेतेपद मिळालें 1964 सालीं, सोळाव्या हंगामांत. मग मात्र 1975 पर्यंतच्या बारा हंगामांत मिळून दहा. लोक ह्या दहांचेंच कौतुक करितात. पण ते शिकवीत काय? दर वर्षीं पहिल्या दिवशीं मोजे कसे घालावे व बुटांचे बंद कसे आवळावे, येथून आरंभ! मोज्याला सुरकुती राहिली कीं पायाला फोड येतो, आणि फोड आला कीं खेळाडू बसला. प्रत्येक दिवसाच्या सरावाचें टांचण मिनिटांच्या हिशेबानें लहानशा कार्डावर लिहिलेलें असे. 1974-75 च्या हंगामांत रोलंड थार्प व रोनाल्ड गॅलिमोर ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनीं हा सराव पाहून त्यांच्या शिकविण्याचे 2,326 प्रसंग टिपून ठेविले. शाबासकी थोडी, रागावणेंहि थोडें. सुमारें तीन चतुर्थांश भाग 'हें असें करावें' एवढ्याच माहितीचा. चांगल्या गणितशिक्षकाचा तास ह्याहून निराळा असतो काय?

आज अमेरिकेंत मोठ्या कॉलेजांच्या कोचांस वर्षाकाठीं लाखों डॉलर मिळतात, आणि दोनतीन हंगाम वाईट गेले कीं उचलबांगडीहि होते. विजेतेपदावांचून पंधरा वर्षें काढणाऱ्या मनुष्यास तेथें आतां कोण ठेवील, ही शंकाच आहे. आपल्याकडील पालकहि शाळेच्या खेळशिक्षकास बहुधा एकच प्रश्न विचारतात: यंदा ढाल आणली काय? माझ्या मुलास चेंडू डाव्या हातानें खेळवितां येऊं लागला काय, असें कोणीं विचारलें तर त्या शिक्षकास किती हुरूप येईल!

ज्या विद्यार्थ्यांस ह्या पेशाची खरीच हौस असेल त्यांनीं वूडन ह्यांच्याप्रमाणें एखाद्या विषयाची पदवी अवश्य घ्यावी. आणि तूर्त, दर शनिवारीं सकाळीं पांचवींतील आठदहा मुलें जमवून त्यांना चेंडू झेलावयास शिकवून पाहावें. आपणांस खेळणें आवडतें कीं शिकविणें, हें दोन महिन्यांत कळून येईल.