पहिली लोंबी

ऑक्टोबरचा पहिला रविवार उजाडतो आणि मुंबई-वसईच्या ख्रिस्ती गावठाणांतून भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चकडे निघतात. आगेऱ्याचा हा सण म्हणजे नवान्नाचाच सख्खा भाऊ. पहिले पीक देवापुढे ठेवल्यावाचून तोंडात घालायचे नाही, ही आपल्या मातीची रीत धर्माधर्मांच्या सीमा कधीच ओलांडून गेली आहे. आशीर्वादाची ती लोंबी घरोघर जाताना मात्र मनात येते, ज्याच्या शिवारात दाणाच भरला नाही, त्याचा आगेरा कसा व्हावा?

या प्रश्नाची काही उत्तरे आपल्याच मुलखात सापडतात. वसईत 1918 साली धर्मगुरू पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथलिक सहकारी पतसंस्था उभी राहिली. अडल्यानडल्याने सावकाराचा उंबरा न झिजवता आपल्याच माणसांच्या ठेवींतून उभे राहावे, हे सहकाराचे मर्म तिने जपले, आणि पुढे तिची बँक झाली. घाटावर, नगरच्या दुष्काळी माळावर, स्विस जेझुइट हर्मन बाखर यांनी डोंगरमाथ्यापासून पाणी अडवण्याचा ध्यास घेतला. 1990 च्या दशकातल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात निधी परदेशातून आला, पण श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाने स्वतः पत्करली. जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने खेड्यातल्या अल्पशिक्षित, कित्येकदा दलित बायांच्या हाती गावाचे आरोग्य सोपवले. घेणाऱ्याचा हात करता झाला, की दारिद्र्य पाय काढू लागते. या तिन्ही ठिकाणी घडले ते हेच.

पण सणाच्या दिवशी आरशातही पाहावे. दलित वस्त्यांतून चर्चमध्ये आलेली कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीनच राहिली. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्यांना त्या जातींच्या सवलती नाहीत, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात पुरती धुतली गेली, असेही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. वेदीपुढे सारे समान असतील, तर ती समानता बांधावर, मजुरीत आणि पंगतीतही उतरायला हवी.

म्हणून यंदा आगेऱ्याची लोंबी घरी नेताना वाटेतल्या रित्या कणगीच्या घरी आपण थोडे थांबू या. अर्धी लोंबी तिथे ठेवू, आणि पुढच्या पेरणीआधी त्याच घरच्या बांधावर फावडे घेऊन जाऊ.